मालिकेतली जयडी आणि नागठाण्याचा नारायण



सांगलीत नाटकावर बोलायचे तर १८४३ पासून सुरुवात करायची, असा प्रघात आहे. विष्णुदास भावे, चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय, ‘सीता स्वयंवर’ हे सारे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते आणि दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, त्याची उजळणी होते. त्या प्रयोगातली सीता पुरुष होती, एवढी एक गोष्ट मात्र हार घालताना सहसा कोणी उच्चारत नाही. टीव्ही मालिकांतल्या बायका आणि पुरुष हा आजचा विषय आहे. त्याची सुरुवात त्या सीतेपासूनच करणे भाग आहे.

पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेला नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला आणि पुढची काही दशके मराठी बाईने नेसावे कसे, चालावे कसे, लाजावे कसे याचे धडे या पुरुषाने दिले. बालगंधर्वांची भामिनी पाहून घरंदाज बायका त्यांच्यासारखे पातळ नेसू लागल्या, हे त्या काळाबद्दल पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. बाईपण शिकता येते, अंगावर घालता येते आणि उतरवताही येते, हे या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने पुस्तकातले सिद्धांत येण्याच्या कितीतरी आधी तिकीट काढून पाहिले होते. त्या वेळी त्यात कोणाला हसू आले नाही. शंभर-एक वर्षांनी, २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमात सागर कारंडे, भाऊ कदम, कुशल बद्रिके साडी नेसून आले. त्यांचे कसब वादातीत आहे, पण तिथे साडीतला पुरुष दिसला की पहिले वाक्य बोलण्याआधीच हशा पिकायचा. नागठाण्याच्या नारायणाला टाळी मिळाली ती बाई झाल्याबद्दल. हवा येऊ द्याला हशा मिळाला तो बाई होता न आल्याबद्दल. मधल्या शतकात प्रेक्षक मोकळा झाला की आखडला, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

दूरदर्शनचा काळ भरभर ओलांडता येईल. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झाले. पहिल्या वर्षांतल्या ‘चिमणराव’सारख्या मालिका मध्यमवर्गीय, गमतीच्या होत्या आणि त्यांत बायको ही नवऱ्याच्या फजितीची साक्षीदार होती. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली. प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार घराबाहेर पडून भ्रष्टाचारी लोकांना जाब विचारू लागली. खासगी वाहिन्या आल्या तेव्हा अल्फा मराठीने १९९९ मध्ये ‘आभाळमाया’ दाखवली. महाविद्यालयात शिकवणारी सुधा जोशी, तिचा नवरा शरद आणि त्याच्या आयुष्यातली दुसरी बाई चित्रा. सुकन्या कुलकर्णींच्या सुधाने मराठी प्रेक्षकाला पहिल्यांदा सांगितले की फसवली गेलेली बायको रडत बसण्यापलीकडेही काही करू शकते. पण चित्राचे काय? तिला हवे ते तिने उघड मागितले आणि मराठी घराघरांतून तिला शिव्या मिळाल्या. जिला इच्छा आहे ती वाईट, हा साचा तिथे घट्ट झाला. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग करून सासू-सुनेचे राज्य केले, तेव्हाही तो साचा कोणी हलवला नाही. ज्या मालिकांना आपण जुन्या म्हणून हसतो त्यांचा नियम आजच्या मालिकांतही तसाच चालू आहे, हे या अध्यक्षांचे आजचे म्हणणे आहे. नायिकेचा पेशा बदलत गेला. तिच्या इच्छेचा हिशेब बदलला नाही.

या म्हणण्याची खरी परीक्षा आपल्याच मातीत घेता येते, कारण गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी मालिका मुंबईच्या फ्लॅटमधून उठून सातारा जिल्ह्यात राहायला आली. मे २०१७ मध्ये झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली. साताऱ्याच्या श्वेता शिंदे यांची निर्मिती, वाईच्या तेजपाल वाघ यांचे लेखन. फौजेत जायचे वेड असलेला अजिंक्य आणि त्याच्यावर जीव असलेली शीतल, म्हणजे अज्या आणि शितली. ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखे गाव नावापुढे ‘मिलिटरी’ लावते आणि जिथे १९६१ मध्ये सैनिक स्कूल सुरू झाले, तिथल्या पोरींना नवरा फौजी म्हणजे काय हे सांगायला लेखकाची गरज नव्हती. गरज होती ती वेगळ्या गोष्टीची आणि ती या मालिकेने केली. तोवर मराठी मालिकेत सातारी बोली बोलायची ती मोलकरीण, नाहीतर गावाकडून आलेला बावळट पाहुणा. शितली त्याच बोलीत प्रेम करत होती, भांडत होती आणि नायिकाही होती. कऱ्हाडच्या निवृत्त शिक्षिका कमल ठोके यांनी रंगवलेली जिजी तर नाकासमोर चालणाऱ्या प्रमाण मराठीची रोज खोड काढायची. बाईला आवाज मिळणे म्हणतात ते असे असते, आणि त्याबद्दल या मालिकेचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता जयडीकडे पाहा. अज्याच्या मामाची पोर. आपल्याकडे मामाच्या पोरीचा हक्क म्हणजे काय हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. जयडीला अज्या हवा होता आणि ते ती चारचौघांत सांगायची. किरण ढाणे यांनी ती इतकी झकास केली की लोक तिची नक्कल करू लागले. पण लिहिताना जयडी झाली कारस्थानी आणि हास्यास्पद. शितलीचेही अज्यावर तितकेच मन होते. फरक एवढाच की शितलीचे प्रेम आधी नजरेतून कळले आणि जयडीचे तोंडाने. मालिकेच्या कायद्यात हा फरक नायिका आणि खलनायिका ठरवायला पुरतो. जयडीचे लग्न शेवटी मालिकेतल्या खलनायकाशी, भैय्यासाहेबांशी लागले, म्हणजे वाईटाला वाईट मिळाले, आणि प्रेक्षक समाधानाने जेवायला उठला.

याचा दोष एकट्या लेखकावर टाकणे सोपे आहे आणि चुकीचेही. रोजच्या मालिकेचा लेखक आठवड्याला सहा भाग देतो. सीन कधीकधी शूटिंगच्या सकाळी सेटवर पोचतो. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात. देशभरच्या निवडक घरांत बसवलेल्या मीटरांनी ते आकडे गोळा केलेले असतात आणि शुक्रवारपर्यंत कोणता ट्रॅक वाढवायचा, कोणता गुंडाळायचा हे ठरते. जाहिराती साबण, मसाला, तेल आणि सोन्याच्या. घरातली गृहिणी हीच ग्राहक, हे गृहीत आहे. तिला दुखवायचे नाही या भीतीपोटी तिच्या इच्छेबद्दल काहीच न बोलण्याचा करार झालेला आहे. ज्या बाईसाठी हे सगळे चालले आहे, तिला काय हवे असते हे विचारणारे सदर त्या मीटरात नाही.

‘देवमाणूस’ने मात्र इच्छेला जागा दिली. २०१६ मध्ये वाई तालुक्यातल्या धोममध्ये उघडकीला आलेल्या हत्यांची आठवण करून देणारी ही मालिका ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. गावाचा लाडका डॉक्टर बायकांशी संबंध ठेवतो आणि त्यांना संपवतो. गावातल्या बायकांनाही शरीर असते, एकटेपणा असतो, नवऱ्याव्यतिरिक्त कोणाची ओढ वाटू शकते, हे मराठी मालिकेने रात्रीच्या वेळी इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच कबूल केले असावे. आणि कबूल केल्या केल्या त्या बाईला पुरून टाकले. दर काही आठवड्यांनी एक नवी बाई, एक नवी चूक, एक नवा खड्डा. मालिकेतल्या सरूआजीच्या शिव्या आणि म्हणींना लोक खळखळून हसले, त्या खड्ड्यांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. पुरुषाची वासना इथे थरार होती, बाईची वासना मरणाचे कारण.

‘देवमाणूस’च्याच निर्मितीसंस्थेची ‘अप्पी आमची कलेक्टर’ ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा आशा वाटली होती. गावातली पोरगी स्पर्धा परीक्षा देऊन कलेक्टर होते, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या अभ्यासिकांत बसलेल्या शेकडो मुलींची आहे. कलेक्टर झाल्यावर मात्र मालिकेला कलेक्टरचे काय करायचे ते सुचेना. कथेत काही वर्षांचा लीप घेतला. अप्पी आणि अर्जुन वेगळे झाले, त्यांचा मुलगा अमोल त्यांना एकत्र आणू लागला आणि जिल्ह्याचा कारभार अमोलच्या हट्टांमागे गेला. गाडीवरचा दिवा तेवढा कधीमधी दिसायचा.

ऐतिहासिक मालिकांचे वेगळेच. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी मराठी बाईच्या इतिहासाला दोन मोठी नावे दिली. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले, जन्म १८३१. आणि देवराष्ट्र्याच्या रमाबाई रानडे, जन्म १८६२. देवराष्ट्रे आज सांगलीत असले तरी तेव्हा ते साताऱ्यातच होते. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. दोघींवर मालिका झाल्या. रमाबाईंवरची ‘उंच माझा झोका’ २०१२ मध्ये आली आणि घराघरांत पोचली. तेजश्री वालावलकरची छोटी रमा आणि स्पृहा जोशींची मोठी रमा अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. सावित्रीबाईंवरची ‘सावित्रीजोती’ सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली, अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन यांनी जीव ओतून काम केले, आणि वर्ष संपता संपता मालिका बंद झाली. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही, हे कारण सगळीकडे चर्चेत होते.

या फरकाला जातीचा पदर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसराही एक आहे. रमाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या ११ वर्षांच्या आणि न्यायमूर्ती रानडे ३१ वर्षांचे. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती, ते झाले नाही. मालिकेने या अवघड वळणाचे रूपांतर नवऱ्याने बायकोला शिकवण्याच्या गोड संसारात केले. शिकवणारा नवरा आणि शिकणारी बायको, हे नाते प्रेक्षकाला आवडते, कारण त्यात कोणी कोणाची जागा सोडत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंची गोष्ट तिथे थांबत नाही. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांना दिवस गेले होते त्यांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, हा सरळ निरोप होता. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच यशवंत. म्हणजे बाईच्या शरीराला इच्छा असते, तिच्यावर जबरदस्तीही होते आणि दोन्ही वेळा शिक्षा तिलाच मिळते, हे त्या जोडप्याने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. संध्याकाळच्या मालिकेला ती गोष्ट पेलणे अजूनही जड जाते.

इथे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १८९९ च्या ‘शारदा’त म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघतो आणि देवल त्याची भर रंगमंचावर पुरती फजिती करतात. २०१८ च्या ‘तुला पाहते रे’मध्ये चाळिशीतला उद्योगपती आणि विशीतली ईशा यांचे प्रेम महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. ईशा सज्ञान होती आणि शारदा नव्हती, हा फरक मोठाच आहे. तरीही मुलीची बाजू देवलांनी जितक्या नेमकेपणाने मांडली तितकी या मालिकेने मांडली नाही, आणि पुढे नायकालाच खुनी ठरवून वयाचा प्रश्न बाजूला सारला. त्या उद्योगपतीच्या भूमिकेत सुबोध भावे होते, २०११ च्या चित्रपटात ज्यांनी बालगंधर्व साकारले तेच.

पुरुषांना थोडी सूट मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. शेजारच्या कोल्हापूरच्या ‘तुझ्यात जीव रंगला’तला राणा पैलवान असून बाईसमोर लाजायचा. बायकांनाही एकदा ती मिळाली : ‘आई कुठे काय करते’त अरुंधतीने पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेऊन आशुतोषशी लग्न केले, हे मराठी घरांनी गिळले, ही लहान गोष्ट नाही. आशुतोष झाले होते ओंकार गोवर्धन, म्हणजे आपले जोतीराव. पण दुसऱ्या संसारात सुखी झालेली चाळिशीपलीकडची बाई मालिकेला फार काळ परवडली नाही. अपघातात आशुतोष गेला आणि अरुंधती पुन्हा सोसायला मोकळी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख २०१४ मध्ये मान्य केली आणि समलिंगी संबंधांबाबतच्या ३७७ व्या कलमाचा निकाल २०१८ मध्ये दिला. त्यानंतर या दोन जिल्ह्यांत खरी हालचाल केली ती तेजपाल वाघ यांच्याच ‘कारभारी लयभारी’ने. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत गंगा ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा होती आणि ती साकारणाऱ्या प्रणित हाटे स्वतः ट्रान्सजेंडर आहेत. टाळी वाजवून पैसे मागणारे विनोदी पात्र म्हणून तिला आणले नव्हते. दुर्दैवाने मालिकाच वर्षभर टिकली नाही. समलिंगी प्रेमाचे म्हणाल तर तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये लिहून मोकळे केले, ‘उंबरठा’ चित्रपटाने १९८२ मध्ये आश्रमातल्या दोन बायकांचे नाते पडद्यावर आणले. मालिका अजून दारातच चपला काढते आहे.

आणि सांगलीची एक गोष्ट कोणत्याही वाहिनीला दिसलेली नाही. १९९२ मध्ये इथे ‘संग्राम’ या संस्थेचे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. एड्सच्या काळात कंडोम वाटण्यापासून पोलिसांच्या छाप्यांविरुद्ध उभे राहण्यापर्यंत सगळे त्यांनी स्वतः केले. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हे नाटक गावोगाव नेणाऱ्या सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर नाटकही बसवले. मालिकेत मात्र कोठा येतो तो नायिकेला पळवून नेल्यावर, आणि भागाच्या शेवटी नायक दार फोडून आत शिरतो. सांगलीच्या गोकुळनगरातल्या देहविक्रय करणाऱ्या बायका हे पाहतात. त्यांचे टीव्हीही संध्याकाळी चालूच असतात.

म्हणून आज इथे भरलेल्या आपल्या परिषदेने एक साधे काम हाती घ्यावे, अशी अध्यक्षांची सूचना आहे. मालिकांना दूषणे देणारा ठराव नको. असे ठराव आपण बरेच केले आहेत आणि वाहिन्यांनी ते वाचलेले नाहीत. त्याऐवजी सातारा आणि सांगलीत वर्षातून एकदा पटकथेची निवासी कार्यशाळा भरवावी. मालिकांचे काम करणारे लेखक तिथे शिकवायला यावेत आणि निम्म्या जागा स्पर्धा परीक्षेच्या मुली, फौजींच्या बायका, तृतीयपंथी आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या सदस्यांसाठी राखाव्यात. पहिल्या वर्षी प्रत्येकाने एकच सीन लिहावा : जयडी अज्याला सरळ सांगते की तू मला आवडतोस, आणि त्या सीनमध्ये ती खलनायिका नाही. ठरावाचा मसुदा सचिवांकडे आहे. दुपारच्या खुल्या सत्रात तो चर्चेला येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी नावे आत्ताच द्यावीत.