प्रोसेसर ताणावा की बदलावा?

बारा-चौदा वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने पीसी असेंबल करून घेतला, त्यांच्यातल्या काहींच्या कॅबिनेटमध्ये आजही इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के मुकाट्याने राबतो आहे. जानेवारी २०११ मध्ये तो बाजारात आला. त्याच्या वेगाला कारखान्याने कुलूप घातलेलं नाही. म्हणून मशीन रेंगाळायला लागलं की घरातला पुतण्या म्हणतो, "काका, ओव्हरक्लॉक करू या, फुकटात वेग वाढेल." दुकानदार म्हणतो, "साहेब, आता नवाच घ्या." दोघांनाही जरा थांबवा.

आधी नेमकं अडतंय कुठे ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला परफॉर्मन्सचा भाग समोर ठेवून रोजचं काम करा. मशीन अडकतं त्या वेळी डिस्क शंभर टक्क्यांवर आणि सीपीयू दहा-पंधरावर असेल, तर प्रोसेसर रिकामा बसलाय आणि जुन्या हार्ड डिस्कची वाट बघतोय. तिथे एसएसडी बसवा. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम वाढवा. यात एक फसवी जागा आहे. प्रोसेसर चार कोअरचा असेल आणि सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालत असेल, तर तो कोअर पुरता दमलेला असूनही एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. म्हणून आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा काढा.

कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळही झटका, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. अशा चिपला ओव्हरक्लॉक करण्यात काय अर्थ?

एवढं करूनही चारही कोअर सतत शंभर टक्क्यांवर असतील, तर मूळ प्रश्नाकडे येऊ. २५००केचे चारही कोअर कामाला जुंपले की तो ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो. नशीब बरं असेल तर ४.४ पर्यंत जातो. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं तासाभराचं रेंडरिंग फार तर ४६ मिनिटांत होईल. पण टायपिंग, टॅली, ब्राउझर यांत फरक जाणवणारही नाही. किंमत मात्र मोजावी लागते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं आणि वेगही एवढा वाढवला, की खप दीडपटीच्या वर जातो. ९५ वॅटसाठी दिलेला कूलर त्याला पुरत नाही. त्यात नागपूर-अकोल्याचा मे महिना असेल, तर पंख्याला मिळणारी हवाच ४५ अंशांची. शिवाय एच६१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर वेग वाढवण्याची सोयच नाही, आणि दशकभर चाललेल्या एसएमपीएसवर जादा भार टाकायला मी तरी धजणार नाही.

मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. ताणलेला प्रोसेसर कधी कधी चालू राहतो आणि गुपचूप चुकीचं गणित करतो. त्यामुळे फाइल बिघडते आणि पत्ता लागतो महिन्याभराने. हिशेबाच्या मशीनवर हा खेळ नको.

खेळ मजेचा आहे, हे मान्य. १९९८ चा सेलेरॉन ३००ए बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झवरून थेट ४५० वर पळायचा. तेव्हा कंपन्या वाव मागे ठेवत. आता टर्बोच्या नावाखाली तो कारखान्यातच वापरून टाकतात. २०२४ मध्ये तर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर कोणी न ताणताच जादा व्होल्टेजने झिजू लागले आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

बदलायचं म्हणजे सगळंच बदलायचं असं नाही. समजा, तुमच्याकडे २०१७ चा एएमडी रायझेन ५ १६०० आहे. त्याच्या एएम४ सॉकेटमध्ये, बोर्ड-कंपनीच्या यादीत नाव असेल तर, २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच. फक्त जुनी चिप जागेवर असतानाच बायोस अपडेट करा आणि तेवढा वेळ यूपीएस लावा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

२५००केवाल्यांना ही वाट जवळजवळ बंद आहे. त्या सॉकेटमध्ये फार तर वापरलेला आय-सेव्हन ३७७० मिळेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे घेत नाही. वेग कितीही वाढवा, पिढी बदलत नाही. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर होत असतील तर बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर एकत्र बदला. नाहीतर लिनक्स टाका आणि वाचन, गाणी, मुलांचा अभ्यास यासाठी ते चालू द्या. पुतण्याला ओव्हरक्लॉकिंग शिकायचंच असेल, तर ते याच मशीनवर, आधी डेटाची प्रत काढून.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेला प्रोसेसर घ्यायला गेलात, तर एएम४ च्या चिपच्या खालच्या पिना उजेडात धरून तपासा. इंटेलच्या २५००केवाल्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, तेव्हा तिथे बोर्ड तपासा. आणि दुकानातच चालू करून दाखवायला सांगा.