कुऱ्हाडीचा दांडा

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. रानातील झाडांनी दांड्यापुरते लाकूड दिले आणि त्याच दांड्याने पुढे रान तोडले, अशी कथा ईसापाच्या नावावरही सांगितली जाते. लोखंडाचा अपराध लाकडाच्या माथी मारणारी ही म्हण मला अलीकडे अन्यायाची वाटू लागली आहे. आज त्या बिचाऱ्या दांड्याची बाजू मांडण्याचा विचार आहे.

मी हैदराबादच्या विद्यानगरात राहतो. या शहरात पुराना पुलाजवळ दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. मोडक्या कुलपांच्या आणि सायकलींच्या ढिगात तेथे कधीकधी कुऱ्हाडीचे गंजलेले पाते मिळते. विकणारा ते भंगाराच्या भावाने तोलून देतो. अशी एकोणीस पाती मी आजवर घरी आणली. त्यांपैकी एकालाही दांडा नव्हता.

हे नवलाचे नाही. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि १९५०-५१ साली उत्खननही झाले. तांबे टिकले, ज्या लाकडाला ते बांधले होते ते मातीला मिळाले. धातू काळाला पुरून उरतो. दांडा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो, आणि म्हणूनच तो करण्याची विद्याही प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते.

ती विद्या मला नव्हती. पहिला दांडा मी खोक्याच्या फळीतून तासला. तो सैल बसला, तेव्हा कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगले आणि पाते घट्ट बसले. पण चैत्राच्या उन्हात तेच लाकूड आटून पूर्वीपेक्षाही बारीक झाले. तिसऱ्याच घावाला पाते निसटले आणि कुंपणापलीकडे जाऊन पडले. त्या वेळी तेथे कोणी नव्हते, हे केवळ दैव!

ते पाते घेऊन मी एका वृद्ध तेलुगू सुताराकडे गेलो. त्यांना सारे 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणतात. मोडका दांडा पाहून ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "दांडा कुणाच्या हातासाठी?" मी निरुत्तर झालो, मी तो केवळ भोकासाठी केला होता.

पुढे त्यांनी शिकवले ते असे. लाकूड धावड्याचे किंवा धामणीचे घ्यावे. धावडा चिवट, आणि धामण लवचीक असल्याने घावाचा हादरा हातापर्यंत पोहोचू देत नाही. लाकूड सावलीत पुरते वाळवावे. त्याच्या रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाव्यात; त्या मध्येच बाजूला निघाल्या, तर दांडा तेथेच तुटतो. टिकावाचा दांडा वरून घालतात, म्हणून तो प्रत्येक घावासरशी आपोआप आवळतो. ज्या कुऱ्हाडीचा दांडा खालून बसवतात, तिला मात्र वरून पाचर मारावी लागते. जवसाचे तेल चोळावे, म्हणजे पाणी लवकर मुरत नाही. पात्याला धार लावताना घाई करू नये. यंत्राच्या सहाणेवर ते तापून निळे पडले, की लोहाराने दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

तातांचा मुलगा हे काम करीत नाही. बाजारात तयार दांडे मिळतात, त्यामुळे त्याला दोष देता येणार नाही. पण तयार दांडा कुणाच्याच हाताचा नसतो. आता मी दांडा करण्यापूर्वी घेणाऱ्याच्या पंजाची आणि उंचीची मापे घेतो. एकोणीस पात्यांपैकी सहांना दांडे बसले. त्यांतील चार कुऱ्हाडी मी खेड्यातील ओळखीच्या लोकांना वापरायला दिल्या. भिंतीवर टांगलेली कुऱ्हाड पुन्हा गंजते.

तेव्हा श्रोतेहो, दांडा गोताचा काळ असेलही. परंतु पात्याला माणसाच्या हाताशी जोडणारा तोच आहे. रान तोडायचे की सरपणापुरती वाळकी फांदी, हे दांडा ठरवीत नाही. तो धरणारा हात ठरवतो.