जोडपत्रही मजकूरच



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं नांदेड-परभणीकडची. हैदराबादचं काचीगुडा स्टेशन तुम्हाला नव्यानं सांगायला नको. १९१६ साली बांधलेल्या त्या स्टेशनात फलाट धरा पण जिना धरू नका, असं कोणी म्हणत नाही. संकेतस्थळांबद्दल मात्र हेच चालतं. ‘साइट दिव्यांगांसाठी सुगम्य आहे, पीडीएफचं तेवढं सोडा.’ ‘ॲप दुसऱ्या कंपनीचं आहे.’ माझा याला ठाम विरोध आहे.

‘वेब मजकूर’ कशाला म्हणायचं, हे डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या जागतिक निकषांनी २००८ सालीच सांगून ठेवलंय: ब्राउझरसारख्या साधनातून माणसापर्यंत पोचणारी माहिती आणि इंद्रियांना येणारा अनुभव, शिवाय त्याची रचना, मांडणी नि व्यवहार ठरवणारा कोडसुद्धा. म्हणजे बटणाला कोडमध्ये नाव दिलं नसेल, तर तोही मजकुरातलाच दोष.

आता एखादं मराठी परिपत्रक घ्या. कागद स्कॅन करून चढवलेला. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे अक्षरच सापडत नाही, नुसतं चित्र. टाइप केलेलं असलं तरी फॉन्ट अनेकदा युनिकोडपूर्व असतो: डोळ्यांना ‘शिष्यवृत्ती’ दिसते, पण फाइलमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि अंध विद्यार्थ्याच्या कानावर तीच आदळतात. शिष्यवृत्तीची मुदत त्याच कागदात असते!

सुगम्यतेचं आपलं भारतीय मानक आयएस १७८०२ वेबपानांसोबत सुट्या दस्तऐवजांना आणि सॉफ्टवेअरलाही लागू होतं. अमेरिकेच्या २०२४च्या वेब-सुगम्यता नियमानं जुने दस्तऐवज वगळले, पण सेवेसाठी अर्ज करायला जे आजही लागतात ते नाही. ही रेघ मला योग्य वाटते.

आपल्याच शहरातल्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगता अभ्यास केंद्रानं सर्वोच्च न्यायालयासाठी अहवाल तयार केला. त्याचा आधार घेत, राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवणारा नियम रद्द ठरवला. पुढे ३० एप्रिल २०२५ला डिजिटल केवायसीबद्दलचा, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन ओळख पटवण्याबद्दलचा, निकाल आला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगणारी प्रक्रिया! न्यायालयानं डिजिटल सुगम्यता जगण्याच्या हक्कातच धरली. तो कॅमेऱ्याचा पडदा ‘वेबपान’ आहे की ॲप, यानं त्या बाईला काय फरक पडतो?

उद्या तुम्ही बँकेत, सरकारी कार्यालयात, सॉफ्टवेअर कंपनीत बसाल. निविदेत काय धरायचं नि काय वगळायचं, ते तुमच्या सहीनं ठरेल. सही करण्याआधी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि तो अर्ज, जोडपत्रासकट, शेवटच्या ‘सबमिट’पर्यंत स्वतः भरून पाहा.