बंबवाल्याला आधी तार दाखवा



आज 14 एप्रिल. आज देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाला आग लागली. मोठे स्फोट झाले. तेव्हा अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले.

आग सर्वांना दिसते. पण बंबवाल्याचा आणखी एक वैरी आहे. तो दिसत नाही. तो म्हणजे वीज. मी शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो.

शेजारच्या गावी उसाचा फड पेटला. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासल्या. ठिणग्या पाचटावर पडल्या. एक तार तुटून बांधाजवळ पडली. बंब आला. एक तरुण जवान नळी घेऊन धावत पाचटात शिरला. तार पाचटाखाली होती. पोरगा तिथेच कोसळला. पुन्हा उठला नाही.

तार तुटताना आम्ही दहा-बारा जणांनी पाहिली होती. पण जो तो बादल्या आणायला पळाला. त्याला कुणीच सांगितले नाही. मीही नाही. ते मला अजून टोचते.

जवान शूर होता. पण शौर्याला वीज भीत नाही. घरातली वीज 230 व्होल्टची असते. गावाकडे येणारी मोठी लाइन बहुधा 11,000 व्होल्टची. तिची तार पडली, की भोवतालच्या जमिनीतही वीज पसरते. तारेला हात न लावताही, टांगा टाकत चालणाऱ्याच्या एका पायातून ती शिरते, दुसऱ्यातून निघते. पाण्यातूनही वीज वाहते. म्हणून वीज चालू असताना पाणी मारू नये.

तेव्हा एवढे ध्यानात धरा.

आग लागली तर 101 ला फोन करा. तार तुटली तर 1912 ला करा, वायरमनलाही कळवा.

तारेपासून माणसे, मुले, गुरे लांब ठेवा. काठीनेही तार हलवू नका.

तार जवळच पडली, तर दोन्ही पाय जुळवा. पाय न उचलता सरकत सरकत दूर व्हा.

वीज बंद झाली असे वायरमन सांगेपर्यंत कुणी जवळ जाऊ नये.

बंब आला, की एकाने पुढे होऊन ओरडावे, “दादा, थांबा! तार इथं पडलीय!”

तुम्ही आता लिहू लागला आहात. आज घरी गेल्यावर खडूने भिंतीवर हे दोन आकडे लिहा. 101 आणि 1912.