मुलाखत पाच दिवसांची



मुलाखत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक टेबल येते. पलीकडे तीन-चार गंभीर चेहरे, अलीकडे नवा शर्ट घातलेला उमेदवार, आणि वीस मिनिटांत भवितव्याचा निर्णय. सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची मुलाखत या चित्रात बसत नाही. सेवा निवड मंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एसएसबीची, प्रक्रिया साधारण पाच दिवस चालते. उमेदवार तिथेच राहतो, तिथेच जेवतो आणि छातीवर क्रमांक लावून वावरतो. भूदलाची मंडळे प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जालंधर येथे आहेत. वायुदलाची डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर आदी ठिकाणी. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेली महाराष्ट्रातील मुले दरवर्षी मोठ्या उमेदीने तिकडे जातात. त्यांतील पुष्कळशी पहिल्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात.

असे का होते?

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणीनंतर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखविले जाते. त्यावर चार मिनिटांत कथा लिहायची, गटापुढे ती एका मिनिटात सांगायची आणि मग सर्वांनी चर्चा करून एकच सामाईक कथा ठरवायची. इथेच घोटाळा होतो. बारा-पंधरा जण एकाच वेळी बोलू लागतात. उमेदवारांच्या बोलीत या प्रकाराला ‘मासळी बाजार’ असेच नाव आहे! आपल्याकडचा मुलगा अशा वेळी एक तर गप्प बसतो, नाही तर इतरांहून मोठ्याने ओरडतो. वस्तुतः दोन-तीन वेळा, मोजक्या शब्दांत, आधीच्या वक्त्याचा धागा पकडून बोलणे पुरेसे असते. पण ‘मोठ्यांमध्ये बोलू नये’ हे ज्याने घरात सोळा वर्षे ऐकले, त्याला ही कला एका आठवड्यात कोण शिकविणार? जेवणाच्या वेळी घरातील प्रश्नांवर मुलांचे मत विचारणाऱ्या घरातील मुले या टप्प्यावर कमी अडखळतात. शिकवणीवर्गाच्या शुल्काचा विचार करताना पालकांनी या फुकटच्या शिक्षणाचाही विचार करावा.

जे टिकतात, त्यांची पुढे तीन बाजूंनी पारख होते. मनसा, वाचा, कर्मणा ही आपल्याकडील जुनी त्रयी एसएसबीला चपखल लागू पडते. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराला बघत नाही, त्याचे लिखाण बघतो. मुलाखत घेणारा अधिकारी बोलणे ऐकतो आणि गट चाचणी अधिकारी मैदानावरची कृती पाहतो. तिघे स्वतंत्रपणे नोंदी करतात आणि शेवटच्या दिवशी त्या एकत्र येतात.

लेखी मानसचाचण्यांचा वेगच असा असतो की बनवाबनवीला वाव उरत नाही. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहायचे. त्यानंतर साठ प्रसंग, तीस मिनिटांत. बारा कथा लिहायच्या असतात आणि त्यांतले शेवटचे चित्र चक्क कोरे असते. बाजारात तयार कथांची पुस्तके मिळतात. प्रत्येक कथेचा नायक पूरग्रस्तांना वाचवितो, सुवर्णपदकही मिळवितो. अशा कथा तपासणाऱ्याने हजारांनी वाचलेल्या असतात. मैदानावर दोन फुटांची फळी उचलायला पुढे न येणारा मुलगा कागदावर महापुरुष असेल, तर ती विसंगती लगेच उघडी पडते.

प्रत्यक्ष मुलाखत ही उमेदवाराने स्वतः भरलेल्या माहितीपत्रकावर बेतलेली असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ‘छंद : वाचन’ असे लिहिण्याचा मोह आवरत नाही. शेवटचे पुस्तक कोणते वाचले, कधी, त्यात काय पटले नाही, हा तिसरा प्रश्न आला की छंद संपतो. सांगलीचा एखादा उमेदवार घ्या. कृष्णेच्या पाण्यावर, हळदीच्या बाजारपेठेवर त्याने उत्तरे पाठ केलेली असतील. पण ‘२०१९ च्या महापुरात तू काय केलेस?’ असे विचारले तर? आजीला घेऊन नातेवाइकांकडे गेलो, रोज पाणी भरले, हे साधे खरे उत्तर शौर्याच्या बनावट कथेपेक्षा कितीतरी वजनदार ठरते. काही अधिकारी गुण, शिक्षक, मित्र, घरातील माणसे, मोकळा वेळ यांवर आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतात. ते सारे लक्षात राहावेत अशी अपेक्षा असतेच. मात्र एखादा सुटला तर ‘सर, एक प्रश्न राहिला, कृपया पुन्हा सांगाल?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

मैदानावर तर अनपेक्षित हेच अपेक्षित. फळी, दोर आणि ओंडका घेऊन अडथळे पार करायचे, ठरावीक रंगाला स्पर्श करायचा नाही. एका कार्यात उमेदवार सोबत्यांची निवड करून त्यांचा नायक होतो. काम जमत आले की अधिकारी कधी एखादे साधन काढून घेतो किंवा नवी अट घालतो. त्याला कोडे सुटण्यापेक्षा नायकाचा चेहरा पाहायचा असतो. सोबत्यावर चिडला का? ‘तुला काही सुचते का?’ असे त्याला विचारले का?

आणि इतके करूनही नकार येतो. १९५८ साली मद्रासचा एक तरुण अभियंता वायुदलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेला. पंचवीस उमेदवारांत त्याचा क्रमांक नववा आला आणि निवड आठांचीच झाली. विमान चालविण्याचे स्वप्न एका क्रमांकाने हुकले. खिन्न मनाने तो हृषीकेशला उतरला, गंगास्नान केले आणि स्वामी शिवानंदांच्या आश्रमात जाऊन त्यांना भेटला. दिल्लीला परतल्यावर संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास संचालनालयातील दुसऱ्या मुलाखतीचे नियुक्तिपत्र हाती पडले; मूळ वेतन दरमहा २५० रुपये. त्या तरुणाचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. जून २००६ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात ते बसले, तेव्हा ते राष्ट्रपती होते आणि वय होते ७४. ही कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. डेहराडूनच्या त्याच प्रवासात ते दिल्लीला थांबून ही दुसरी मुलाखत देऊन आले होते. घरातील मुलांना एकाच स्वप्नाला जखडून ठेवणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मुलींसाठीही आता हे सारे आले. २०२२ मध्ये खडकवासल्यात त्यांचा प्रवेश झाला आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तेथून उत्तीर्ण झाल्या. मुलांच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहेच.

एक रुक्ष पण महत्त्वाची सूचना. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारपत्रावर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. ही तफावत मंडळाच्या दारात लक्षात आली तर धावाधाव होते. दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम सर्व कागद आधीच जुळवून घ्यावेत.

माहितीपत्रकात आधीच्या प्रयत्नांचाही रकाना असतो. तो खरा भरावा. दुसऱ्या-तिसऱ्यांदा गेलेले अनेक जण निवडले जातात. फक्त मधल्या काळात काय केले, हे त्यांना सांगता यावे लागते. पोहणे शिकलो, गणेशोत्सवाच्या मंडळाचा हिशेब सांभाळला, असे काहीही चालते. काहीच केले नसेल, तर तो प्रश्न जड जातो.

वेळ झाली आहे. पुढील महिन्यात ज्यांना बोलावणे आहे, त्यांनी आता आपले प्रश्न विचारावेत. पालकांनी कृपया त्यांच्या वतीने विचारू नयेत.