घर नाकारणारे हात आपलेही आहेत



दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी मंडळात अध्यक्षांनी मराठी शाळेवर, पुढच्या पिढीच्या भाषेवर बोलावं असा प्रघात आहे. त्या विषयांवर बोलणारे या सभागृहात पुष्कळ आहेत. मी ज्या बायकांमध्ये काम करते, त्यांच्या बाजूने बोलणारं मात्र इथं कुणी नाही. म्हणून माझा सगळा वेळ आज त्यांचा. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या आणि आज डोक्यावर छप्पर नसलेल्या बायका. काहींना हे इथं ऐकायला आवडणार नाही, तरी ऐकावं लागेल.

सरकारी मोजणी जानेवारीतल्या एका रात्रीची असते. २०२३ च्या मोजणीत देशभर ३५,५७४ माजी सैनिक बेघर सापडले. त्यांत ३,९८० स्त्रिया होत्या, आदल्या वर्षापेक्षा जवळपास चोवीस टक्क्यांनी अधिक. हा आकडा तोकडा आहे, हे ठामपणे सांगते. स्वयंसेवक बॅटऱ्या घेऊन पुलांखाली आणि फुटपाथवर शोधतात. या बायका तिथे नसतात. लेकरांना मागच्या सीटवर निजवून त्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत रात्र काढतात. ओळखीच्या कुणाच्या सोफ्यावर पाठ टेकणारीला तर ही मोजणी बेघर धरतच नाही. जिला मारहाण होते, ती घर जाईल म्हणून मारणाऱ्याकडेच राहते. आणि बालकल्याण खातं मुलं काढून नेईल, या भीतीने आई लपते. लपलेल्या बाईला मोजायचं कुणी?

‘त्यांच्या सवयीच वाईट असतील,’ असं आपल्या जेवणावळींत मी ऐकलं आहे. त्याला उत्तर देते.

१९४८ च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यात कायमची जागा दिली, पण दोन टक्क्यांहून जास्त नकोत ही अटही घातली. ती १९६७ पर्यंत टिकली. गरोदर राहिली की बाईला सेवेतून काढण्याची मुभा १९५१ च्या आदेशाने दिली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तसं काढलं जात होतं. इराक-अफगाणिस्तानात लढाऊ तुकड्यांत स्त्रिया कागदोपत्री नव्हत्या. प्रत्यक्षात त्या सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून ट्रक हाकत होत्या. परत आल्यावर माजी सैनिकांच्या कचेरीत त्यांना विचारलं जातं, यजमान कुठल्या तुकडीत होते?

आता जे सांगते ते मुलांसमोर सांगायचं नाही असं मला सुचवण्यात आलं होतं. मुलींसमोर तर सांगितलंच पाहिजे. माजी सैनिकांच्या दवाखान्यांत प्रत्येकीला विचारतात, नोकरीत असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार वा छळ झाला का? दर तिघींपैकी एक हो म्हणते. डॉ. डोना वॉशिंग्टन आणि सहकाऱ्यांनी याच लॉस एंजेलिसमधल्या स्त्री माजी सैनिकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. बेघर झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी हे सोसलेलं होतं. खटला भरायचा की नाही हे वरिष्ठच ठरवायचा, आणि पुष्कळदा गुन्हेगार त्याच्याच विश्वासातला. लैंगिक छळ सोसलेल्या व्हॅनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिकाचा टेक्सासच्या फोर्ट हूडवर २०२० मध्ये खून झाला, देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे खटला भरण्याचा निर्णय वरिष्ठांच्या हातून काढला गेला.

अशी बाई बाहेर पडते तेव्हा झोप उडालेली असते, माणसांवरचा विश्वास गेलेला असतो. नोकरी टिकत नाही. लग्न मोडतं. आणि मदत न मागण्याचं बाळकडू तर सैन्यानेच पाजलेलं असतं. शेवटी ती निवाऱ्याच्या दारी येते, तर तिथे पुरुषांचा मोठा हॉल. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये पाहणी केली. स्त्री माजी सैनिकांना घेणाऱ्या सरकारी अनुदानाच्या निवाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मुलांना घेत नव्हते. ज्या आईला लेकरू बाहेर ठेवून आत या म्हणता, तिला दार बंदच आहे. यात तिच्या सवयी कुठे आल्या?

आपल्या शहरातलंच पाहा. माजी सैनिकांच्या खात्याची वेस्ट लॉस एंजेलिसमधली जमीन १८८८ मध्ये अपंग सैनिकांच्या घरासाठी दान मिळाली. आज तिथे ३८८ एकर आहेत. त्यांवर विद्यापीठाचं बेसबॉल मैदान झालं, खासगी शाळेची क्रीडांगणं झाली, आणि कुंपणाबाहेर सॅन व्हिसेंट रस्त्यावर माजी सैनिक तंबूत राहत होते. माजी सैनिकांच्या खटल्यातल्या २०१५ च्या तडजोडीनंतर कबूल केलेली बाराशे घरं वर्षानुवर्षं रखडली. २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी विद्यापीठाला आणि शाळेला दिलेले या जमिनीचे भाडेकरार बेकायदा ठरवले.

सरकारला दोष देऊन मी खाली बसणार नाही. आता आपल्याकडे वळते. या बायकांना आसरा देऊ शकेल असा परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प आपल्या वस्तीत येतो म्हटल्यावर नगरपरिषदेच्या सुनावणीला मराठी आडनावं विरोधात बोलायला उभी राहिलेली मी पाहिली आहेत. शाळेचा दर्जा, घराचे भाव, सुरक्षितता. त्याच सभासदांच्या घरून शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी भगवे फेटे निघतात. योद्ध्याचा उत्सव आणि सैनिकाला नकार, ही विसंगती मला सहन होत नाही आणि ती मी झाकणार नाही.

तुमच्यापैकी कित्येकांची दुसरी, तिसरी घरं भाड्याने दिलेली आहेत. केंद्र सरकारची माजी सैनिकांसाठी भाडेमदतीची योजना आहे. भाडेकरू उत्पन्नाचे साधारण तीस टक्के भरतो, उरलेलं सरकार भरतं, शिवाय सामाजिक कार्यकर्ती सोबतीला. तरीही मदतपत्र हाती असलेल्या बाईला महिनोन्‌महिने घर मिळत नाही, कारण घरमालक फोन ठेवून देतात. कॅलिफोर्नियात २०२० पासून केवळ सरकारी मदत घेते म्हणून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे. सबब वेगळी सांगून नाकारणारे या सभागृहात असतील, तर त्यांनी आज मान खाली घालावी. आणि घर जाण्याआधी थकलेलं भाडं, अनामत भरून देणाऱ्या सरकारी योजनाही आहेत. त्या बाईपर्यंत पोहोचत नाहीत, कारण तिला सांगणारं कुणी शेजारी नसतं. तुम्ही शेजारी आहात.

‘मंडळाचा याच्याशी काय संबंध?’ असं पत्र मला आलं आहे. आपण या देशाचे नागरिक झालो, हात वर करून शपथ घेतली. त्या शपथेत हक्कांबरोबर सैनिकाचं ऋणही आलं. मंडळाचा संबंध तिथून सुरू होतो.

मी ठराव कार्यवाहांकडे दिला आहे. मंडळाने घरमालक सभासदांची यादी करावी आणि स्त्री माजी सैनिकांना घर देण्यास तयार असलेल्यांची नावं भाडेमदत योजनेच्या इथल्या कचेरीला कळवावीत. आणि परवडणाऱ्या घरांच्या पुढच्या सुनावणीला मंडळाने बाजूने बोलण्यासाठी जावं. मतदान जेवणाच्या आधी घ्यावं. गुप्त नको, हात वर करून घ्यावं आणि विरोध करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात लिहावीत.