भाकरी किती जणांची?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रतिसरकार आणि तुफान सेना हे शब्द कुंडलच्या पोरांना वेगळे शिकवावे लागत नाहीत. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची गाडी, जी. डी. बापू, कॅप्टन भाऊ, सगळं आपल्याला पाठ आहे. बायकांची नावं विचारली की मात्र आपण हौसाताईंपाशी थांबतो.

क्रांतिसिंहांच्या या लेकीनं भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेतलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं उचलली. हे आपल्याला कळलं, कारण ताईंना विचारणारे लोक वेळेत भेटले. २०२१ मध्ये त्या गेल्या, पुढच्या वर्षी कॅप्टन भाऊही गेले.

गेली काही वर्षं मी सुट्टीला आलो की म्हाताऱ्या बायकांशी बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करतो. पहिल्यांदा "आजी, चळवळीत तुम्ही काय केलं?" असं विचारायचो. उत्तर ठरलेलं: "मी काय करणार? भाकरी थापल्या." मग प्रश्न बदलला. भाकरी किती जणांची? पीठ कुठनं आणलं? रात्री चूल पेटलेली शेजारणीला दिसली नाही का? आणि मग आजी तासभर बोलल्या. दळण एकाच घरात वाढलं तर संशय येतो, म्हणून ते चार घरांत वाटायचं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंय का तुम्ही?

या बायकांची कागदावर नोंद नाही. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला तुरुंगवासाचा किंवा वॉरंटचा पुरावा लागायचा. चुलीपुढं बसणारीवर वॉरंट कोण काढणार? खरं तर पकडली गेली नाही हेच तिचं कसब, आणि त्यापायीच ती यादीबाहेर राहिली.

१९४३ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून बसली आहे. ऐकू कमी येतं, दुपारनंतर दमतात. सकाळी जा. सुनेला जवळ बसवा, सासूचं अर्धं तिला ठाऊक असतं. मध्ये बोलू नका, आणि आजींची बोली 'शुद्ध' करून लिहू नका. मराठीच्या बाईंनी एवढ्यापुरती माफी द्यावी.

आपल्या बॅचमध्ये आसपासच्या पंधरा-वीस गावांतले लोक आहेत. जेवणानंतर मी मंडपात वही घेऊन बसतो. ज्यांच्या घरात, भावकीत अशी आजी आहे त्यांनी गाव आणि नाव लिहून द्या. दिवाळीच्या सुट्टीत मी येतोच आहे.